फाटक उघडं टाक

सराव छावणी, टेनेसी
१४ जून १९४३

ती. सेल्माताईस,
ऑर्व्हिलचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र आणि चीजचा डबा दोन्ही पोहोचले. चीज आमच्या तुकडीने एका बैठकीत फस्त केलं. विस्कॉन्सिनमध्ये माणसंही राहतात की नुसत्या गाईच, असं फुसारोने विचारलंय. हा न्यूयॉर्कच्या एका शिंप्याचा मुलगा. त्याने गाय पहिल्यांदा इथेच पाहिली आणि बैल समजून कुंपणावर चढून बसला. पण पाय फोडांनी भरलेले असताना हाच पठ्ठ्या दिवसभर गाणी म्हणत चालतो, वर थकलेल्याचं ओझंही उचलतो. मला त्याचं फार कौतुक वाटतं, त्याला मात्र कळवू नकोस.

डोक्यावर छप्पर कधी होतं ते आता आठवत नाही. ज्या लोखंडी टोपीत दाढी करतो तिच्यातच पाय धुतो. कॉफीला वेगळा पेला मिळतो, एवढी सरकारची कृपा.

आता खरी बातमी. मंगळवारी मी मेलो. म्हणजे लुटुपुटीच्या लढाईत. आम्ही निळे, पलीकडचे लाल. गोळ्या खोट्या, विमानं बॉम्ब म्हणून पिठाच्या पिशव्या टाकतात, आणि कोण मेला ते दंडाला पट्टी बांधलेला पंच ठरवतो. मेलेल्याच्या गुंडीला चिठ्ठी अडकवली की त्याने झाडाखाली बसून राहायचं. आम्ही एका शेतातून टेकडीकडे धावत होतो, मी सगळ्यात मागे. फाटक उघडंच राहिलं होतं आणि आत गाई चरत होत्या. मी परत फिरलो, कडी घातली, आणि वळतोय तोवर पंचाचा झेंडा वर.

शुक्रवारी पुन्हा तेच. या खेपेला फुसारो आणि आणखी एक जण माझ्यासाठी थांबले, म्हणून तेही मेले. आमचा सार्जंट डोम्ब्रोव्स्की शिकागोचा, खाटीकखान्यात काम केलेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला की, बाबा रे, तुला मरायची हौस असेल तर खुशाल मर, पण दोघांना सोबत कशाला नेतोस? ताई, मला सगळं पटतं गं. पण फाटक दिसलं की हात आपोआप कडीकडे जातो. काय करू?

आईला यातलं काही सांगू नकोस. लोभ असू दे, आणि चीजही.

तुझा,
ऑर्व्हिल

ट्वेट फार्म, विस्कॉन्सिन
२३ जून १९४३

चि. ऑर्व्हिल यास,
सेल्माताईचे अनेक आशीर्वाद.

आईला सांगू नकोस, हे तू पत्राच्या शेवटी लिहितोस, शहाण्या! मी पत्र मोठ्याने वाचत होते आणि मंगळवारी मी मेलो हे तोंडातून निघूनही गेलं. आई मटकन खालीच बसली. पुढचं वाचल्यावर हसली, मग तुला चार शिव्या दिल्या, आणि मग खूप रडली. तेव्हा असली थट्टा आता पुरे.

बाबा हसलेही नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. शेवटी जाणाऱ्याने फाटक लावायचं, हे त्यांनी आपल्याला चालायला शिकवतानाच शिकवलं. फाटक उघडं टाकणाऱ्याला आपल्या पंचक्रोशीत कुणी मुलगी देत नाही. एकदा पाद्रीबाबांनी उघडं टाकलं, तर बाबांनी त्यांनाही अर्ध्या वाटेतून परत बोलावलं होतं! बाबांनी घालून दिलेला नियम मागे घेतलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

संध्याकाळी धारा काढून झाल्या. मी बरण्या धूत होते. बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले की, पोराला लिही, फाटक उघडं टाक म्हणावं. गाई गेल्या तर जाऊ देत. गाई परत आणता येतात. एवढं बोलून ते पुन्हा गोठ्यात गेले. गोठ्यात काही काम उरलेलं नव्हतं.

तर मोठ्या बहिणीचा हुकूम समज, नाहीतर बाबांचा. तिकडे गेल्यावर चिठ्ठी अडकवणारा पंच नसेल, ऑर्वी. मला फार भीती वाटते. सवय मोड.

मायेने,
सेल्माताई

सराव छावणी, टेनेसी
६ जुलै १९४३

ती. ताईस,
नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन लढाईला निघालो. बाबांचा शब्द पाठीशी होता, तरी फाटक दिसलं आणि हात गेलाच. कडीला बोटं लागली असतील-नसतील, एवढ्यात कुणीतरी माझ्यावर खेकसलं. पाहतो तर फाटकाआड एक बाई उभी, पायात नवऱ्याचे बूट, अंगावर पिठाने माखलेला ॲप्रन. श्रीमती हार्गिस त्यांचं नाव, हे मागाहून कळलं. त्या म्हणाल्या की, हात काढ मेल्या, पळ! मी इथे सकाळपासून शोभेला उभी आहे की काय?

खरंच त्या सकाळपासून तिथे होत्या. लाल येवोत की निळे, तुकडी गेली की त्या फाटक लावत. पंचाने त्यांना रणांगणातून निघून जायला सांगितलं, तर त्यांनी त्यालाच सुनावलं की हे शेत माझं आहे आणि माझ्या गाई कुणाच्याच बाजूच्या नाहीत. त्यांचे दोन्ही मुलगे पॅसिफिकमध्ये आहेत. तुम्ही पोरं फाटकापाशी घुटमळता, ते मला बघवत नाही, असं त्यांनी सार्जंटला सांगितलं म्हणे.

मी पळालो, ताई! मागे कडी वाजलेली ऐकली आणि अंगातला भारच उतरला. टेकडी आम्ही घेतली. संध्याकाळी सार्जंटने सगळ्यांवरून नजर फिरवली. गुंडीला चिठ्ठी नसलेला मी त्याला पहिल्यांदाच दिसलो. त्याने माझ्या पाठीत असा धपका घातला की अजून दुखतंय.

आम्हाला लवकरच हलवणार, असं बोलतात. कुठे, ते कुणी सांगत नाही. घरी यायला रजा मिळेलसं दिसत नाही. आईला तू तुझ्या पद्धतीने सांग.

लोभ आहे, हे माहीत असूनही मागतो.
ऑर्व्हिल

ट्वेट फार्म, विस्कॉन्सिन
१५ जुलै १९४३

चि. ऑर्व्हिल यास,
तिघांचे आशीर्वाद.

आईला सांगितलं. तिने एकदम सहा जोड मोजे विणायला घेतलेत, त्यामुळे बोलायला तिला फुरसत नाही. श्रीमती हार्गिसना मी चीजचा मोठा गड्डा पाठवलाय.

काल आपल्या रस्त्याने लष्कराच्या गाड्या गेल्या. एक गाडी आपल्या विहिरीवर पाणी घ्यायला वळली. पोरं घाईत होती, तरी जाताना एकजण फाटक लावायला खाली उतरलाच. असेल कुठल्यातरी गोठ्यातला. बाबांना धाप लागते हे तुला माहीत आहे. तरी ते अंगण ओलांडून धावत गेले आणि त्याला ओरडून म्हणाले की, पळ रे पोरा, मी लावतो!

तूही मागे वळून पाहू नकोस.

तुझी,
सेल्माताई