कोकराचा आवाज

प्रिय निकिता,

पालमहून आईचे आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नकोस, मी बरी आहे. अंगणवाडीची रजिस्टरं भरण्यात जन्म गेला, त्यामुळे लिहायला बसलं की हात आपोआप चालतो.

तुझ्या अण्णांचं कानाचं मशीन आठवतं ना? पहिलं तू पाठवलंस, पाच स्टार बघून. ते नुसतं शिट्टी मारायचं. ते परत गेल्यावर मी मोबाइलवर लोकांनी लिहिलेलं सगळं वाचत बसले. पाच स्टार देणाऱ्यांनी एकसारखंच लिहिलेलं, ‘छान वस्तू, जरूर घ्या’, आणि बऱ्याच जणांची तारीखही एकच! मग दुसऱ्या एका मशीनखाली मंजुषा नावाच्या बाईचं सापडलं. तिनं लिहिलं होतं, ‘सासरे आठ दिवस काढून फेकत होते. नवव्या दिवशी माझ्या बांगड्या वाजल्या म्हणून वळून बघितलं.’ तेवढ्या एका ओळीवर मी तेच मागवलं.

अण्णांनीही आधी लय आदळआपट केली. मग एका सकाळी मेंढरांत उभे होते तिथून ओरडले, ‘आगं, बारकं कोकरू वरडायलंय, दूध न्हाई भेटलं त्याला!’ चार वर्षांनी त्यांना कोकरू ऐकू आलं होतं. मी त्याच दिवशी मोबाइलवर त्या मशीनखाली लिहिलं, ‘घरात चांगलं ऐकू येतं. बाजारात गोंगाट होतो, लग्नात तर काढूनच ठेवावं लागतं. पण माझ्या मालकांना कोकराचा आवाज आला.’ सोबत त्यांच्या कानाचा फोटो टाकला. तीनशेच्या वर लोकांनी ते उपयोगी पडलं म्हणून कळवलं. कुणी विचारायचं, सेल किती दिवस टिकतो? घामानं बिघडतं का? मी अण्णांना विचारून उत्तर द्यायची. ते खाटेवर बसून ऐटीत सांगायचे, ‘लिही, आंघुळीला काढून ठिवा म्हणावं.’

अण्णा जाऊन सात महिने झाले, तरी प्रश्न येतच राहिले. मी एकटीच उत्तरं देते. दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणी बोलतं म्हण ना. गेल्या आठवड्यात जिंतूरच्या एकानं विचारलं, ‘आई गावाकडं एकटी असते. तिच्यासाठी घेऊ का?’ तो प्रश्न मी दोनदा वाचला. मग लिहिलं, ‘मशीन चांगलं आहे. पण सुरुवातीला तिच्याजवळ राहा आणि बोलत राहा. नाहीतर ते डबीतच पडून राहील.’ त्यानं उलट कळवलं, ‘मावशी, सुट्टी काढतो.’

निकिता, तुला सांगायचं टाळत होते. दिवाळीपासून मलाच कमी ऐकू यायलंय. तू फोनवर बोलतेस, मी ‘हो, बरं’ म्हणते, पण त्यातलं निम्मंही कळत नाही. अण्णांचं मशीन कानाला लावून पाहिलं, तर पंख्याची घरघर तेवढी आली. मी ते काढून ठेवलं. मागच्या रविवारी तुझा फोन आला, तेव्हा तू हसत होतीस की रडत होतीस, हेच मला समजलं नाही. पुन्हा विचारायची लाज वाटली. ‘बरं’ म्हणून मी फोन ठेवून दिला. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. पोरी, काय सांगत होतीस तू मला? लगेच लिहून पाठव. नाहीतर निघूनच ये, गंगाखेडला उतर, मी स्टँडवर येऊन थांबते.

तुझीच,
आई