धुराडी विझली तो आठवडा

शुक्र. २८ ऑगस्ट १९०८
मी जायचं नाही! सासूबाईंनी ठरवलं. समुद्रकाठी ब्लॅकपूलला खोल्या भाड्याने देणारी बाई खोकणारं पोर घेत नाही म्हणे. वर्षभर सुट्टीची भिशी भरली मी — हेटी पोटात होती तेव्हाही मागावर उभी राहून. त्यांची ट्रंकही मीच भरली. तिथे खायला बटाटे, हॅम, चहा, सगळं.
"तुझ्या दुधातच कस नाही," म्हणाल्या. "तुझा पहिला, आल्बर्ट, तोही असाच गेला."
खरं असेल का? देवा, ही तरी राहू दे.

शनि. २९
वर्षाच्या सुट्टीसाठी गिरण्या आठवडाभर बंद. अख्खी गल्ली स्टेशनवर. जादा गाड्या एकामागून एक. शेजारची मार्था डब्यातून ओरडली, "समुद्र बाटलीत भरून आणते गं तुला!" नवऱ्याने, सेथने, हेटीचा पापा घेतला. माझ्याकडे बघेना. "तुझ्या वाटणीचे पैसे चहाच्या डब्यात आहेत," एवढंच.
डॉक्टरही त्याच गाडीत चढला! आता हाक कुणाला मारू?
संध्याकाळी हेटी खोकून खोकून काळीनिळी पडली. पालथी धरून थोपटलं. आला श्वास.

रवि. ३०
जीव मुठीत धरून बसलेय.

मंगळ. १ सप्टेंबर
खोकला कमी. की मलाच वाटतंय?
एकाही धुराड्यातून धूर नाही. खिडकीतून डोंगर दिसला — लग्न होऊन आले तेव्हापासून पहिल्यांदा. दुपटी वाळत घातली, पांढरीच राहिली!

गुरु. ३
हेटी हसली. खोकला नाहीच. दूध तर तेच. माझंच.
म्हणजे दोष दुधाचा नव्हताच.
आल्बर्ट... मी त्याला हवा लागावी म्हणून दारात घेऊन बसायची. त्या धुरात.

शनि. ५
आले सगळे. उन्हाने नाकं सोललेली. सासूबाई हेटीला बघून म्हणाल्या, "बघ, चार दिवस आराम मिळाला, दूध सुधारलं."
सेथला धुराचं सांगितलं. हसला. "तो धूर निघतो म्हणून आपली चूल पेटते, वेडे."
"मग हिला कुठे ठेवू?"
मग म्हणाला, सोमवारी डब्यात काय देशील?

सोम. ७
पहाटे धुराडी पेटली. सेथ कामावर पोचायच्या आत हेटी खोकली.
चहाचा डबा रिकामा केला. तिला शालीत गुंडाळलं.
तिकीटबाबू हसला — "सहल संपली की गं पोरी! जाऊन-येऊन स्वस्तातलं तिकीट आता नाही."
म्हटलं, येतंय कोण? नुसतं जायचं द्या.