मास्तरांनी कात्री दिली

प्रिय ताई,

तुम्हा सगळ्यांना नमस्कार. आईचे गुडघे कसे आहेत?

आज मास्तरांनी कात्री पुन्हा माझ्या हातात दिली! गेल्या वर्षी बायपोलरच्या उधाणात मी अख्खा तागा कापून कुणी न मागितलेले चाळीस सदरे बेतले होते. तेव्हापासून नुसती काजं करत होतो.

गोळ्यांनी हात जरा थरथरतो. म्हणून कापडावर लोखंडी वजनं ठेवली आणि कोट सावकाश कापला. मास्तरांनी टेप लावून पाहिली. म्हणाले, "गोगलगाय झालास लेका, पण सूतभर चूक नाही."

तहान फार लागते, बाकी मजेत आहे. गोळी चुकवत नाही, आईला सांग.

आणखी दोन कोट कापायचे होते. हात शिवशिवत होते. तरी सहा वाजता ते उद्यावर ठेवले आणि घरी येऊन पोटभर जेवलो.

तुझा लाडका,
धाकटा