खोक्यात न मावलेला हात

सर,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. परवा कॉलेजातून फोन आला, वर्कशॉपला तुमचं नाव देतायत, दोन शब्द बोलायला या. मी नाही म्हटलं, कारण सांगितलं नाही. तुमचं नाव निघालं की मला शिसारी येते, हे फोनवर कसं सांगणार? सोल्डरिंग तुम्हीच शिकवलंत. माझी बोटं भाजली तेव्हा घरून कोरफड आणून दिलीत. म्हणून तर जास्त चीड येते.

रत्नागिरीतली ती रोबोटची स्पर्धा तुम्ही नक्कीच विसरला असाल. प्लायवूडचं मैदान, समोरासमोर दोन रोबोट, तीन मिनिटांचा खेळ. चेंडू आपल्या टोपलीत टाकला की एक गुण, मधल्या उंच नळीत टाकला की तीन. शेवटची शिट्टी वाजताना रोबोट कडेच्या उतारावर चढलेला असला तर वर आणखी पाच. रोबोटला हाताने शिवलं की दोन वजा. आणि प्रत्येक सामन्याआधी रोबोट फूटभराच्या लाकडी खोक्यात मावलाच पाहिजे.

देवरूखच्या दोघी मुलींनी पडद्याच्या सरकत्या दांडीचा हात केला होता. आम्ही टोपलीत एकेक टाकत होतो आणि त्यांचा हात शांतपणे नळीत चेंडू सोडत होता. साखळीतल्या सामन्यात अकरा-चोवीस असे मागे पडलो, तेव्हा तुम्ही कडेवरून ओरडलात, "बघतेस काय गो? घाल अंगावर!" रिमोट माझ्या हातात होता. मी घातला. धडकेला गुण कापत नव्हते. त्यांचा हात वाकला, तरी सामना त्यांनीच जिंकला.

अंतिम सामना पुन्हा त्यांच्याशीच. त्या बिचाऱ्या पक्कड घेऊन दांडी सरळ करत बसल्या होत्या. तुम्ही पंचांकडे गेलात. "आधी खोकं लावा." लावलं. हात अर्धं बोट बाहेर राहिला.

"सकाळी बसला होता, सर," त्यांच्यातली उंच मुलगी म्हणाली. "पाच मिनिटं द्या."

पंच द्यायला तयार होते. तुम्हीच म्हणालात, "नियमात पाच मिनिटं कुठे लिहिलीयत? नियम म्हणजे नियम."

त्या बाद झाल्या. समोर रिकामं मैदान, आणि आमचा रोबोट एकटाच एकेक चेंडू टोपलीत टाकतोय. लोक टाळ्या वाजवतायत, तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारताय, आणि मला तुमच्या हाताचीच किळस येतेय. घरी जाऊन मी आंघोळ केली, जेवले नाही. आईला वाटलं, उन्हाने.

इतकी वर्षं सगळा दोष तुमच्यावर टाकून मी मोकळी झाले. पण निघताना एसटी स्टँडवर ती उंच मुलगी भेटली होती. रोबोट गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतलेला. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "धडकेनंच वाकला ना गो तो? तू चालवत होतीस, तुला दिसलं असेल." तुम्ही तिथे नव्हतात, सर. अडवणारं कुणीच नव्हतं. मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं."

हे पत्र खरं तर तिला जायला हवं. ती देवरूखलाच शिकवते, पत्ता मला ठाऊक आहे. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं.