वीतभर मासा

खालापूर, १२ ऑगस्ट २०२४

तुझ्या तळ्यातले मासे सकाळी वर तोंड काढून हवा गिळतात, पाच मेले, हे मला टेंपोवाल्या मनोजनं सांगावं? तो तुला पेंड पोचवणारा, मी तुझ्या बापाची आई. मी मेले काय गं?

चि. सौ. हर्षला हिला अंबाबाईचे आशीर्वाद. फोनवर मी ओरडते ते सगळ्या आळीला कळतं आणि तू बोलतेस ते मला कळत नाय, म्हणून लिहिते. शाळा तिसरीपर्यंतची हाय, अक्षराला हसू नकोस. माशांना काय घालतेस ते खरं सांग. कोंडा कुठल्या गिरणीचा? मूठभर पुडीत बांधून मनोजकडे दे. तुझ्या घरच्यांना नमस्कार. माझा गुडघा दुखतो, पण ते तुला विचारायचं सुचलं नसेल.

अंबाबाई

भिवपुरी, १६ ऑगस्ट २०२४

ती. आजीस हर्षलाचा शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? आता विचारलं, रागावू नकोस. तुला कळवलं असतं तर तू शिव्या दिल्या असत्यास म्हणून लपवलं. तरी तू दिल्यासच.

मासेपालनाच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, की विकतचं खाद्य महाग पडतं, भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड घाला. कोंडा इथल्या जुन्या गिरणीतून आणते. सकाळी दोन घमेली तळ्यात फेकते. पण पाण्यावर साय धरते, वास येतो, आणि मासे दीड महिन्यात चार बोटांच्या वर जाईनात. मामंजी म्हणतात, भाताचं खाचर खणून मी डबकं केलं. दिवाळीपर्यंत मासा वीतभर झाला नाही, तर कापणी आटपली की जेसीबी लावून तळं बुजवणार. रूपेश नेरळला कामावर जातो, तो बापाच्या आणि बायकोच्या मध्ये पडत नाही. आजी, हे तळं गेलं तर माझं म्हणावं असं या घरात काही उरणार नाही.

पुडी सोबत आहे. माया कमी करू नकोस.

तुझी हर्षला

खालापूर, २१ ऑगस्ट २०२४

पुडी पोचली. तळहातावर घेऊन फुंकली, तर अर्धी उडून गेली. ते तूस गं बाई! जुनी गिरणी तूस आणि कोंडा एकाच तोंडातून काढते, हे भात पिकवणाऱ्या घरात राहून तुला माहीत नाय? माझ्या कोंबड्यांनीसुद्धा दोन चोची मारून पाठ फिरवली. मासा तुझा मिंधा हाय म्हणून बोलत नाय एवढंच.

चि. हर्षलास आशीर्वाद. आता ऐक. पाणी निवळेपर्यंत काही घालू नकोस. मग कोंडा पिठाच्या चाळणीतून चाळ. खाली पडेल तो माशांचा, वर राहील तो चुलीत. पेंड रातभर भिजव, कोंड्यात मळ, लाडू वळ. फेकायचे नायत. जुन्या टोपलीत ठेवून दोरीनं पाण्यात सोड, रोज त्याच जागी, त्याच वेळी. दुपारी टोपली वर काढ. उरलं असेल तर उद्या एक लाडू कमी. म्हशीच्या गव्हाणीत उष्टं राहिलं तर आमी हेच करायचो. मासा म्हणजे जावई नव्हे, आग्रह करून वाढायला.

रडणं बंद कर. तळ्यात पाणी पुष्कळ हाय.

अंबाबाई

भिवपुरी, ५ ऑक्टोबर २०२४

ती. आजीस शि. सा. न.

पाणी निवळलं, वास गेला, त्यानंतर एकही मासा मेला नाही. पण एक कोडं पडलं होतं. टोपलीत रोज लाडू उरायचे. तुझ्या हुकमाप्रमाणे मी कमी करत गेले, बारावरून पाचावर आले, आणि मासे जाड होत गेले! परवा टोपली काढली तर त्यात भाताची शितं. मी तर भात घालत नाही.

काल दुपारी बांधाआड उभी राहिले. मामंजी पातेलं घेऊन आले, खाकरले, आणि त्या खाकरण्याला सगळे मासे काठाशी गोळा झाले. तळ्यात मासे सोडले त्या दिवसापासून हेच चाललंय म्हणे. मी समोर गेले तर मलाच ओरडले, की खालापूरच्या म्हातारीच्या नादानं मुक्या जिवाचं पोट मारतेस, दारचं जनावर उपाशी ठेवायची या घरची रीत नाही. मग मामंजींनी एक रोहू हातात धरून त्यावर आपली वीत ठेवली. वीत पुरली नाही, मासा लांब निघाला. मासा सोडला आणि पातेलं उचलून मामंजी घरी गेले. रात्री जेवताना जेसीबीचं नाव काढलं नाही, पण तळं ठेवतो असंही म्हणाले नाहीत. मी काय करू?

तुझी हर्षला

खालापूर, ९ ऑक्टोबर २०२४

म्हणजे तुझं तूस आणि तुझ्या मामंजींचा, आबाजींचा भात, दोघांनी मिळून ते पाच मासे मारले. बोलायचं कुणी कुणाला?

चि. हर्षलास आशीर्वाद. तू काहीच करू नकोस. हे पत्र आबाजींच्या हातात दे. आबाजी, राम राम. रोज दुपारचं पातेलं चालू दे, माझी ना नाय, पण मूठभरच, आणि सुनेला विचारून. लाडू ती त्या मापानं वळेल.

आता कोरा कागद घ्या. त्यावर पंजा ताणून आपली वीत आखा. शेजारी मासा ठेवून त्याची लांबी आखा. खाली लिहा, तळं राहणार की बुजणार. सही करा. मनोज सोमवारी इकडे येतो.

उत्तर आबाजींनी स्वतः लिहायचं. हर्षलाचं अक्षर दिसलं तर पत्र परत पाठवीन.

अंबाबाई