वीणाच्या लॅपटॉपची पडताळणी

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.

रोजनिशी पुन्हा सुरू. कुणासाठी नाही. कामाची नोंद राहावी म्हणून.

काम असं. वीणाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, जुना लॅपटॉप शेवटच्या घटका मोजतो आहे. सुरू होतो, पण दोन-तीनदा निळा पडून, आणि मग माझ्यावर उपकार केल्यासारखा. त्यात अण्णांची रेकॉर्डिंग आहेत. अण्णा म्हणजे आमचे घरमालक श्रीधरराव. यशवंतपूरच्या बाजारात जन्मभर गुळाचा व्यापार केला. त्यांचं कानडी मिसळलेलं मराठी वीणाला फार आवडायचं. संध्याकाळी खाली जाऊन ती त्यांना बोलतं करायची आणि सगळं लॅपटॉपवर टिपून घ्यायची. अण्णा गेल्या डिसेंबरात गेले. वीणा एप्रिलमध्ये पुण्याला गेली, भावाकडे, मकरंदकडे. (दोन्हीकडे क्रियापद एकच आहे, पण गैरसमज नको. वीणा येणार आहे. जाताना छत्री इथेच ठेवून गेली. कायमचा जाणारा माणूस छत्री नेतो.)

जाताना रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर घेतली असं तिला वाटलं होतं. परवा उघडून पाहिलं तर नुसता शॉर्टकट, आत फाइली नाहीत. नेल्यावर एकदा उघडून बघितलं असतं तर? मी तसं बोललो नाही. बोललो, पण सौम्यपणे.

१४ डिसेंबरला अण्णांचं वर्षश्राद्ध. त्यांच्या पत्नीला, शारदाबाईंना, त्या दिवशी जमलेल्या सगळ्यांना त्यांचा आवाज ऐकवायचा आहे. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. वीणा फोनवर म्हणाली, रेकॉर्डिंग असतील तर मी येतेच, मलाच ती लावायची आहेत.

येतेच. 'च' तिचा आहे, माझा नाही.

मग म्हणाली, फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी कर, इथे पाठव, संपलं, एवढं काय त्यात. तिला कल्पना नाही. अशा अवस्थेतलं मशीन कॉपी करताना मध्येच गेलं तर? आधी रिकव्हरी मीडिया तयार करायचा. म्हणजे मशीन पडलं तरी उभं करता येईल. मगच फाइलींना हात.

संकल्प: घाई नाही. एकही पायरी गाळायची नाही.

५ नोव्हेंबर.

कारखान्यात जाताना मेट्रोत बोम्मसंद्रापर्यंत वाचन. रिकव्हरी ड्राइव्ह त्याच मशीनवर तयार करावा म्हणतात. कमीत कमी बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह हवा. त्यावरचं सगळं आधी पुसलं जातं. सोपं आहे.

कारखान्यात जेवताना भार्गवीला सांगितलं. ती माझ्या हाताखाली व्हॅलिडेशन शिकते. म्हणाली, सर, आधी फाइली काढून घ्या ना. हुशार मुलगी, पण नवी आहे. आमच्या खात्यात औषधाच्या गोळ्यांचं मशीन चालतं आहे यावर कुणी विश्वास ठेवत नाही. ते चालतं हे सिद्ध करावं लागतं. मी अठरा वर्षं हेच करतो आहे. वीणा म्हणायची, आपल्या घरात राहणं म्हणजे रोज ऑडिट. ती हे हसून म्हणायची. निदान सुरुवातीला.

९ नोव्हेंबर, रविवार.

पेनड्राइव्ह लहान निघाला. मशीननेच तसं सांगितलं. दोष माझा नाही, पाकिटावर बत्तीस लिहिलं होतं. आतून थोडा कमी भरतो.

दिवस वाया गेला असं म्हणता येणार नाही. कार्यपद्धतीचा मसुदा लिहिला. उद्देश, व्याप्ती, जबाबदारी. 'जबाबदारी'खाली माझं नाव टाकताना बरं वाटलं.

संध्याकाळी वीणाचा फोन. झालं का? नाही, पण प्रगती आहे. पूर्वी महिन्याकाठी एखादा फोन यायचा, आता आठवड्याला येतो. हीसुद्धा प्रगतीच.

१२ नोव्हेंबर.

मी कामाला निघताना अक्का जिना चढून वर आल्या. गुडघे दुखतात, तरी आल्या. म्हणाल्या, अजितराव, ते यंत्र सुरू होतं म्हणे अजून. स्वल्प ऐकवा की. सगळं नको, एक वाक्य चालेल. हे कसे बोलायचे ते मला आठवतं, पण आवाज आठवेना झालाय बघा.

मी त्यांना समजावलं. मशीन सध्या बंदोबस्तात आहे. विनाकारण चालू केलं तर ताण येईल. एकदा रिकव्हरी झाली की हवं तितकं ऐका.

अक्का मिटलेल्या लॅपटॉपकडे बघत थोडा वेळ बसल्या. मग 'सरी', म्हणजे ठीक, म्हणून खाली गेल्या.

कठोर झालो का? तपासून पाहिलं. नाही. एका वाक्यापायी सगळं घालवणं शहाणपणाचं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार.

झाला! रिकव्हरी ड्राइव्ह तयार. चौसष्टचा पेनड्राइव्ह आणला. 'सिस्टिम फाइलींचा बॅकअप घ्या' या चौकटीत खूण केली. हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. अंघोळ, जेवण, कपडे वाळत घालणं, सगळं उरकलं तरी ती अर्ध्यावर. पण मशीन एकदाही पडलं नाही. मला वाटतं, त्यालाही कळलं की कुणीतरी आपल्याला गंभीरपणे घेतं आहे.

वीणाला कळवलं. तिने विचारलं, आणि रेकॉर्डिंग? म्हटलं, बॅकअप झाला आहे. ती म्हणाली, ते नाही विचारलं मी, कॉपी केलीस का? म्हटलं, अगं, बॅकअप म्हणजे त्यात सगळं आलंच. ती म्हणाली, अजित, ते फोल्डर फक्त ओढायचं आणि सोडायचं असतं रे.

मी हे मुद्दाम लांबवतो आहे का? आज हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारला. रेकॉर्डिंग पाठवली की फोन थांबतील, म्हणून? बराच विचार केला. उत्तर नाही असं आलं. लांबण लागते आहे ती पद्धतीमुळे.

२३ नोव्हेंबर, रविवार.

आठवडाभर एक गोष्ट टोचत होती. ड्राइव्ह तयार आहे, पण तो चालतो याचा पुरावा कुठे आहे? चाचणी न केलेला बॅकअप म्हणजे नुसती समजूत. वीणाच्या हार्ड डिस्कचं तेच झालं. तीच चूक मी करायची?

चाचणी दुसऱ्या लॅपटॉपवर घेण्यात अर्थ नाही, ड्राइव्ह या मशीनचा आहे. म्हणजे याच मशीनवर संपूर्ण रिस्टोअर करून पाहायचं. मशीन जिवंत आहे तोवरच ते करायला हवं. मेल्यावर चाचणी घेऊन काय उपयोग?

अण्णांचा मुलगा मोहनकुमार गेटपाशी भेटला. काय सर, आमच्या अप्पांना बाहेर काढलं का डब्यातून? का अजून पूजाच चालू आहे? म्हटलं, पुढच्या रविवारी. तो म्हणाला, बघा हं, जिवंतपणी पण त्यांना दुकानातून बाहेर काढायला एवढा वेळ लागत नव्हता. हसलो. चांगला माणूस आहे.

संकल्प: वीणा आली की आधी वरचं घर नीट दाखवायचं. पडदे धुवायला टाकले.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपार.

चाचणी सुरू. पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं, पहिल्या फटक्यात उठलं. 'ड्राइव्हवरून रिकव्हर करा' निवडलं. पडद्यावर सूचना आली की वैयक्तिक फाइली आणि नंतर टाकलेले प्रोग्रॅम काढले जातील. तीनदा वाचली. क्रम बरोबर आहे: आधी काढणार, मग बॅकअपमधून परत आणणार.

पुढे दोन पर्याय. नुसत्या फाइली काढा, किंवा ड्राइव्ह पूर्ण साफ करा. पहिला सौम्य. पण सौम्य चाचणीने काही सिद्ध होत नाही. दुसरा निवडला. स्वतःला सवलत दिली नाही याचं समाधान आहे.

त्याच दिवशी. संध्याकाळ.

चाचणी यशस्वी. मशीन एकदाही निळं पडलं नाही. नव्यासारखं झपझप सुरू झालं. पूर्वी इतकं चांगलं ते कधी चालल्याचं आठवत नाही.

आता देश कोणता, असं विचारून थांबलं आहे; रेकॉर्डिंगचं फोल्डर अजून आलेलं दिसत नाही. मागाहून येत असेल.

१ डिसेंबर.

आलेलं नाही.

पेनड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहिला. आत फक्त विंडोज. सिस्टिम फाइलींचा बॅकअप म्हणजे सिस्टिमच्या फाइलींचा. तसं लिहिलंच होतं. मी वाचलंही होतं. अजून नीट विचार करतो.

३ डिसेंबर.

पुसलेला डेटा परत मिळवून देणाऱ्या तिघांना फोन केले. तिघांनीही आधी उत्साहाने विचारलं, काय झालं सर? मग विचारलं, साफ करताना कोणता पर्याय दिला होता? मी सांगितलं. त्यानंतर तिघांचाही आवाज सारखाच झाला. दवाखान्यात असा आवाज ऐकला आहे. शेवटचा म्हणाला, सर, साध्या पर्यायाने केलं असतं तर काहीतरी आशा होती.

भार्गवी माझ्या टेबलावर चहा ठेवून गेली.

६ डिसेंबर, शनिवार.

वीणाला सांगितलं. कारणमीमांसा लिहून ठेवली होती, ती वाचून दाखवायला घेतली. मूळ कारण, सहायक कारणं, पुन्हा होऊ नये म्हणून उपाय. दुसऱ्या मुद्द्यावर ती म्हणाली, पुरे.

मी म्हटलं, रागाव तरी. ती म्हणाली, रागावण्याचे दिवस संपले रे. मग विचारलं, इतके दिवस ते मशीन तुझ्यासमोर चालू होत होतं, तू एकदा तरी ते उघडून ऐकलंस? अण्णांना? मला?

म्हणजे अण्णांना प्रश्न विचारणारा तिचा आवाजही त्यात होता. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

नाही, म्हटलं. ते व्याप्तीत नव्हतं.

हे वाक्य लिहिताना मलाही बरं वाटलेलं नाही. पण मी ते बोललो, म्हणून नोंद.

७ डिसेंबर, रविवार.

अक्कांना सांगायला खाली गेलो. लॅपटॉप सोबत नेला, का ते माहीत नाही. पुरावा म्हणून असेल. त्या तांदूळ निवडत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, यंत्र बरं झालं ना पण? म्हटलं, हो, एकदम नवं. म्हणाल्या, होगली बिडी अजितराव, जाऊ दे. उभे का, बसा. मी बसलो. त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. एकच मूठ कितीदा तरी निवडली.



वीणा आता येणार नाही. रेकॉर्डिंग असतील तर, असंच ती म्हणाली होती. पडदे धुऊन आले आहेत. लावायला घेतले, मग राहू दिले.

१४ डिसेंबर, रविवार.

वीणा आली.

सकाळच्या गाडीने आली आणि थेट खाली गेली. मला अक्कांच्या नातीने वर येऊन सांगितलं. म्हणजे ती माझ्यासाठी नाही, रेकॉर्डिंगसाठीही नाही, अक्कांसाठी आली. आत्ता लिहिताना हे स्पष्ट दिसतं. तेव्हा मात्र मी पडदे लावायला धावलो.

जेवणं झाल्यावर खाली गेलो. खोली माणसांनी भरली होती. जागा नव्हती, म्हणून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलो. वीणा अक्कांजवळ बसून अण्णांच्या गोष्टी सांगत होती. वाचून नाही, तोंडपाठ. आणि त्यांच्याच बोलीत. अण्णा मुलगी बघायला हुबळीला गेले, कांदेपोह्यांआधी मुलीकडच्यांनी गुळाचा खडा दिला, तो तोडून चाखत बसले. घरी वडिलांनी विचारलं, मुलगी कशी आहे? तर म्हणाले, ते बघायचं राहिलं अप्पा, पण त्यांच्या गुळात चुना जास्त आहे, त्यांना माल कोण देतो? दुसऱ्यांदा गेले ते चांगला गूळ घेऊन.

थांबायच्या जागी ती अण्णांसारखीच थांबत होती. अक्का हसता हसता रडायला लागल्या. म्हणाल्या, अस्संच, अस्संच बोलायचे. मोहनकुमार भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मी या घरात सहा वर्षं राहतो. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली.

नंतर ती वर आली. पडद्यांकडे तिचं लक्ष गेलं नाही. कपाटातून दोन साड्या आणि छत्री घेतली. मी लॅपटॉप पुढे केला. म्हटलं, तुझा आहे, छान चालतो आता. तिने तो हातात घेतला, झाकणावरून एकदा बोटं फिरवली आणि परत दिला. म्हणाली, यात आता माझं काही नाहीये अजित. तू वापर. तुझा तसाही जुना झालाय.

परत कधी, असं विचारणार होतो. विचारलं नाही. या खेपेला उत्तर मला माहीत होतं. ती दारात थांबली आणि म्हणाली, जेवत जा वेळेवर. स्टेशनला सोडू का, म्हटलं, तर नको म्हणाली, मोहन सोडतोय.

१५ डिसेंबर.

सुट्टी घेतली. कारण विचारलं तेव्हा 'वैयक्तिक' म्हटलं.

लॅपटॉप चालू केला. देश विचारला, भारत. कीबोर्ड विचारला. मग, हे कोण वापरणार? बोटं सवयीने वीणाच्या नावाकडे गेली. पहिलं अक्षर टाइप झालं, ते पुसलं. माझं नाव टाकलं.

पडदा निळा झाला. त्यावर 'हाय' आलं. मग, सगळं तुमच्यासाठी तयार करतो आहोत, काही मिनिटं लागतील, कृपया बंद करू नका.

बंद करत नाही. बसलो आहे.