पाणी तुझ्या तिसरीपर्यंत

तांबरम,
ऑक्टोबर २००७

प्रिय अण्णा,

घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन सोडून पत्र लिहितोय कारण फोनवर आई शेजारी उभी असते, आणि अप्पांना नीट ऐकू येत नाही म्हणून ते रिसीव्हर असा लांब धरतात की तुझं बोलणं गल्लीतल्या म्हशींनाही समजतं. आणि मराठीत लिहितोय तेही मुद्दाम. आपल्या घरात सगळे मराठी बोलतात, पण वाचायची वेळ आली की तमिळ. ही अक्षरं मला येतात ती हिंदीच्या क्लासमुळे. जन्मात पास झालो ती तेवढी एकच परीक्षा, आणि तीही तुझी जुनी पुस्तकं वापरून. बघ, पहिल्याच घासाला तू आडवा आलास. असो. हे पत्र मी टीव्हीवर उघडं टाकून गेलो तरी कोणाला कळणार नाही. शुद्धलेखन काढत बसू नकोस, तुझ्या ऑफिसातल्या पुणेकरांना दाखवूही नकोस. त्यांच्या नादानं तू हल्ली फोनवर आईला ‘जेवण झालं का’ विचारतोस. आई ‘जेविलास काय’ विचारते आणि तू ‘हो, झालं’ म्हणतोस. ती त्यावरही खूश. माझ्या पोराची मराठी किती सुधारली म्हणून शेजारी सांगते. मी तोंडात दोन शिव्या घोळवल्या तर मात्र माझी मराठी बिघडली.

तर अहमदाबादच्या ऑफिसात बसून तू काढलेला नकाशा बघितला. शहराचा नवा आराखडा म्युनिसिपालिटीच्या हॉलमध्ये लावलाय, लोकांनी बघावा आणि काही तक्रार असेल तर लिहून द्यावी म्हणून. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून गेले, तुझं लग्न असल्यासारखे, आणि मला नेलं स्कूटर चालवायला. आपल्या बाजूच्या एऱ्या, म्हणजे सगळी तळी, नकाशात माझ्या मुलानं काढल्यात, हे त्यांनी वॉचमनला सांगितलं, झेरॉक्सवाल्याला सांगितलं, बाहेर चण्याचं सुंडल विकणाऱ्या बाईलाही सांगितलं. तुम्ही नकाशात ‘वॉटर बॉडी’ लिहिलंय म्हणून तिला एरीच कळेना, तर अप्पांनी हातवारे करून पाणी दाखवलं. मी तोवर बोट ठेवून आपली गल्ली शोधत होतो. पिवळं म्हणजे घरं, जांभळं म्हणजे कारखाने, निळं म्हणजे पाणी. इरुंगाट्टुकोट्टैला जांभळा मिळाला, सिरुसेरीला कसला तरी झकपक रंग मिळाला, आणि आपलं लेक व्ह्यू नगर सबंध निळ्यात. आपलं घर काठाला, पण निळ्यातच. मी म्हटलं, अप्पा, आपण बुडालो. तर म्हणाले, रंग बघ डा कसा लागलाय, एक थेंब बाहेर नाही.

निळ्यात म्हणजे काय, ते तुला मी काय सांगणार? घर विकता येणार नाही, वर मजला चढवता येणार नाही, आणि एक दिवस बुलडोझर येईल तेव्हा आपल्याला चहा विचारणार नाही. बिल्डर आपली जागा घेऊन दोन फ्लॅट द्यायला तयार होता. एक तुझ्या नावावर आणि एक माझ्या. माझ्या नावावर आजवर काय आहे? एक लायसन्स, तेही फोटो माझा वाटत नाही असं. तो फ्लॅट तुझ्या निळ्या रंगात गेला. मी चिडलो, का नाही चिडणार? आणि अप्पा? कॅलेंडर काढून त्याच खिळ्यावर नकाशाची रंगीत झेरॉक्स लावली. येईल त्याला समोर उभं करायचं. गुरुराजमामांना तर आपलं स्वतःचं बुडालेलं घर बोटानं दाखवलं, आणि वर म्हणाले, माझ्या राणोजीनं स्वतःच्या घरालाही सोडलं नाही. असे म्हणाले, जणू तू सुवर्णपदक आणलंयस. त्याच आठवड्यात मी वर्कशॉपात एक बुलेट सबंध उघडून पुन्हा जोडली, बोल्टसुद्धा उरला नाही. घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, हात धू.

तुला वाटेल व्यंक्या जुनंच रडगाणं गातोय. गातोय. जुनं आहे म्हणून खोटं आहे का? आपल्या पुढच्या दाराची चौकट आठव. दर वाढदिवसाला अप्पा तुला तिथे उभं करून डोक्यावर पट्टी ठेवायचे आणि पेन्सिलीनं लिहायचे, राणोजी, पहिली. राणोजी, दुसरी. माझी पाळी आली तेव्हा मी टाचा उचलल्या. अप्पा ओरडले. पुन्हा उभं केलं, मी पायांखाली पाट सरकवला. अप्पांनी पेन्सिल खिशात टाकली ती टाकलीच. म्हणाले, हा सरळ उभा राहील तेव्हा मोजू. त्यामुळे त्या चौकटीवर मी नाहीच. तू आहेस, आणि तुझ्यानंतर पाणी आहे.

पाण्याचं तुला ऐकून माहीत आहे, बघून नाही. तू हॉस्टेलात गेलास आणि इकडे पाणी सुरू झालं. आधी आपण पायऱ्या चढून घरात जायचो, आता उतरून जातो. दर वेळी जुन्या रस्त्यावरच नवा रस्ता टाकतात, रस्ता वर चाललाय आणि आपण खाली. मी आणि अप्पा वाळूच्या गोण्या लावतो, आई तांदळाचा डबा घेऊन खाटेवर बसते आणि तिथून विचारते, कुठवर आलं? आणि आम्ही काय सांगतो माहीत आहे? चौकटीकडे बघून सांगतो, आई, राणोजी रांगतोय. आई, राणोजी बालवाडीत गेला. आमच्याकडे तसंच मोजतात. आता सबंध गल्ली तसंच मोजते. गेल्या वर्षी पाऊस लागला तर मागच्या गल्लीतून कनकाअक्का ओरडून विचारत होती, राणोजी शाळेत गेला का? २००५ साली पाणी तुझ्या तिसरीपर्यंत आलं. फ्रिज तरंगत तुळशीपर्यंत गेला. आम्ही कनकाअक्काच्या गच्चीवर राहिलो, तिच्या इडल्या खाऊन, आणि अप्पा तिथूनही म्हणत होते, बरं झालं राणोजी इथे नाही, त्याला सर्दी होते. माझ्या नाकातून तेव्हा कावेरी वाहत होती.

म्हणून सांगतो, मला तुझा राग येतो तो यासाठी, की तुझा नकाशा बरोबर आहे. चुकीचा असता तर मजा आली असती. तू अहमदाबादला बसून जी रेघ काढलीस, पाणी दर वेळी तिथेच येऊन थांबतं, इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी. मी तिथे उभं राहून बघितलंय, लाथ मारून बघितलंय, ते पुढे जात नाही. एरीसुद्धा तुझ्या बाजूची! आणि इकडे आमचे नारायणस्वामी, असोसिएशनचे प्रेसिडेंट, यांनी अर्ज लिहिलाय की या ठिकाणी एरी कधीच नव्हती. ज्यांना फायर सर्व्हिसच्या बोटीतून लुंगी सावरत नेलं, त्यांनी लिहिलाय. सगळ्यांनी सह्या केल्या. अप्पांनी नाही केली. महिनाभर नारायणस्वामी रोज येतात, कॉफी पितात, आणि अप्पा म्हणतात, चष्मा सापडत नाही. चष्मा नाकावर असतो.

मला ते सगळं बघून राहवलं नाही. एका रविवारी मी नगराच्या पाटीखाली दुसरी पाटी ठोकली: बोटिंग. वेळ ऑक्टोबर ते डिसेंबर. पोहता येणाऱ्यांना सवलत. सरकारी निळ्या रंगात, खाली बाणसुद्धा काढला, बाण नारायणस्वामींच्या गेटकडे. मला वाटलं चार पोरं हसतील. तर अंबत्तूरहून एक सबंध कुटुंब आलं, डबे, टोप्या, दोन आज्या, आणि नारायणस्वामींना विचारतायत, पेडलची बोट आहे की मोटरची? ते चिडून म्हणाले, इथे पाणी नाही! तर आजी म्हणाली, मग लेक व्ह्यू नाव कशाला ठेवलंत? अय्यो, मी इस्त्रीवाल्याच्या टपरीमागे बसून पोट धरलं. त्यांनी अप्पांकडे तक्रार नेली. अप्पा माझ्याकडे बघत राहिले, आणि मला खात्री आहे, त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण म्हणाले काय? राणोजीनं असलं कधी केलं नसतं.

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या लग्नात मंगलाष्टकांच्या ऐवजी म्हणतील. राणोजीनं कॉपी केली नसती. राणोजीनं तिकीट काढलं असतं. अप्पा रेल्वेत होते, आपल्याला बिनातिकीट कोणी विचारलं नसतं, तरी तू तांबरम ते सैदापेट तिकीट काढायचास आणि मी खिडकीतून तुला वेडावायचो. मला नेहमी वाटायचं, एक दिवस हा घसरेल. थोडासा. एखादा पाट सरकवेल. आणि त्या दिवशी मी पेढे वाटीन.

तो दिवस या रविवारी आला. फोनवर तू अप्पांना म्हणालास, काळजी करू नका, आपल्या गल्लीपुरती रेघ जरा आत घेतो, नकाशावर ती केसाएवढी, कोणाच्या लक्षात यायची नाही. मी दारात स्कूटर पुसत होतो, मला अक्षरन्अक्षर ऐकू आलं. आईनं लगेच देवापुढे दिवा लावला आणि पायसम चढवलं. मी मनात म्हटलं, आला, आला, राजा खाली आला! आणि माझा फ्लॅटही परत आला. दुप्पट आनंद. पायसमची वाटी हातात आली तोवर टिकला. नंतर वाटी तशीच खाली ठेवली. गोड बरोबर होतं, काजू होते, तरी ठेवली.

कारण अप्पा. ते तुला ‘बरं’ म्हणाले ना? रिसीव्हर ठेवला आणि नकाशा खिळ्यावरून उतरवला. दुसऱ्या दिवशी खिळ्यावर कॅलेंडर परत आलं. गुरुराजमामा जावयाला घेऊन आले, मुद्दाम नकाशा दाखवायला, तर अप्पा म्हणाले, त्यात काय बघायचं, रंग मारलाय. आणि नारायणस्वामी आले तेव्हा चष्मा लगेच सापडला. सही केली. ‘इथे एरी कधीच नव्हती’, आणि त्याखाली अप्पांचं नाव, बालाजीराव. कॉफीसुद्धा विचारली नाही त्यांना.

म्हणून हे पत्र. अण्णा, रेघ हलवू नकोस. मी काही साधुसंत झालेलो नाही, मला तो फ्लॅट हवाच होता. पण तू आपली गल्ली बाहेर काढलीस तर कनकाअक्काची मागची गल्ली आतच राहणार, तिला अहमदाबादेत भाऊ नाही. आणि दुसरं म्हणजे, या घरात लबाडी माझ्याकडे आहे. शिक्षण तू घेतलंस, नाव तू घेतलंस, चौकट तू घेतलीस, पाणीसुद्धा तुझ्याच नावानं येतं. लबाडी तेवढी माझी आहे, तीही घेऊ नकोस. तू लबाड झालास तर मी कोणावर जळू? उद्याच अप्पांना फोन कर, सांग की रेघ आहे तिथेच राहील. आईला मी सांभाळतो, तिला काय थाप मारायची ते माझ्यावर सोड. माझ्या मालकांनी वर्कशॉपच्या माडीवरचा पोर्शन आपल्या सगळ्यांसाठी भाड्यानं द्यायचं कबूल केलंय. तिथे पाणी यायचं तर दोन राणोजी एकावर एक उभे करावे लागतील. जाताना ती चौकट मी काढून घेईन, पाने माझ्याकडे आहेत, ओरखडासुद्धा पडणार नाही. तू दिवाळीला ये. नकाशा परत खिळ्यावर असेल. आणि येशील तेव्हा अप्पांच्या खिशातली पेन्सिल घेऊन माझ्या डोक्यावर एक रेघ मार. टाचा टेकवून उभा राहतो.

तुझाच, आणि अजूनही तुझ्यावर जळणारा,
व्यंकोजी